जस्त

सव्वीस वर्षं मी लोखंड जस्तात बुडवलं.
यंग्स्टाउनला, महोनिंग नदीच्या काठच्या शेडमध्ये,
साडेआठशे डिग्रीची कढई.
आत काळपट पत्रा जायचा
आणि बाहेर यायचा
अंगावर हिवाची फुलं उमटवून.
इरेना म्हणायची, तुझ्या शर्टाला नाण्यांचा वास येतो.

म्हणून नात बुटांच्या खोक्यात
दोन शुगर ग्लायडर घेऊन आली तेव्हा
(एक पिरोही, एक हालुश्की,
आमच्या चुलीवरचीच नावं)
मला विचार करावा लागला नाही.
तळघरात जाळीचं भेंडोळं होतं, माझ्याच हातचं.
अर्ध्या इंचाचं घर, पिल्लाचं डोकं अडकायला नको.
पाच फूट उंची, झेप घ्यायला.
"लुदमिला, हा तुझ्या नातवंडांनाही पुरेल.
गंजणार नाही," मी छाती ठोकून सांगितलं.

गंजला नाहीच.
फक्त जिथे ते मुतायचे त्या कोपऱ्यात
जाळीवर पांढरी भुकटी धरली,
पोळपाटावर उरते तेवढी.
रात्रभर ते तिच्यावरून चढायचे, उतरायचे
आणि पहाटे बसून बोटं चाटायचे,
एकेक,
भरपेट जेवलेल्या माणसासारखे.

हालुश्की फेब्रुवारीत गेली.
डॉक्टर ट्रीस म्हणाली, मूत्रमार्ग सुजला होता,
कशाने ते छातीठोक नाही सांगता येणार.
मग हातमोजे काढता काढता:
"पिंजरा कशाचा आहे?"

मला दूध आठवलं.
कढईवर धूर कोंडला की आम्हाला ताप भरायचा,
दातावर दात वाजायचे, जिभेवर गोडसर धातू.
फोरमन दुधाची बाटली हातात द्यायचा,
जा, झोप घरी जाऊन.
सकाळी ताप उतरलेला. पुन्हा कढई.
म्हणजे मला माहीत होतं.
कोणी सांगायच्या कितीतरी आधी
हाडांना माहीत होतं.
जस्त चंदनासारखं झिजतं, लोखंडाला राखतं,
हे मी नव्या पोरांना अभिमानाने शिकवलं.
झिजून जातं कुठे,
ते एकाही पोराने विचारलं नाही.

नवा पिंजरा स्टेनलेसचा.
त्याच्या प्रत्येक सांध्यावरून मी जीभ फिरवली.
लुदमिला हसली.
हसू दे. चव घेतल्याशिवाय
मी आता कशालाच चांगलं म्हणत नाही.

फळीसाठी इरेनाची सीडरची पेटी उघडली होती.
चाळीस वर्षांत तिच्यातल्या लोकरीला कसर लागली नाही.
पण ज्या वासाने कसर पळते
तो वाटाण्याएवढ्या फुप्फुसांनी रात्रभर का ओढावा?
पेटी मिटली. थोडा वेळ तिच्यावरच बसलो.
मग अंगणातल्या सफरचंदाच्या दोन फांद्या तोडल्या.
त्या झाडावर कधी औषध फवारलं नाही,
आळस म्हणून. तो असा कामी आला.

झोपायची पिशवी तिच्या फ्लीसच्या गाऊनची.
टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नखं गुंततात,
बोटाला फास बसतो.
शिवण आत, दुहेरी, एक टोक बाहेर नाही.
सुई ओवायलाच सबंध दुपार गेली.

पिरोही पहिल्या रात्री आत गेली नाही.
माझ्या बाहीवर बसून राहिली,
मनगटापासून घोट्यापर्यंतची पातळ कातडी मिटून,
नुसते डोळे.
मधेच कुत्र्याच्या पिल्लासारखी भुंकली,
थांबली,
परत भुंकली.
लुदमिला म्हणते, एकटं ठेवू नये यांना, दुसरा आणू.
आणू, म्हणालो.
घड्याळ काढून ठेवलं, पट्टा काढून ठेवला,
दिव्याखाली वाकून शर्टाचं बटण पाहिलं.
प्लास्टिक.

जुना पिंजरा मागच्या अंगणात आहे, बर्फात.
चकाकतो.
अजून एक डाग नाही त्याच्यावर.