सलमाबाद, शुक्रवार, साडेचार

आमच्या रेडिओची रेंज एक गल्ली.
पंक्चरवाल्या पठाणाच्या दुकानापर्यंत स्वच्छ,
पुढं खरखर,
आणि वळणावर मनामाचं मोठं केंद्र
आम्हाला अख्खं गिळून टाकतं.

डबी गाडीतली आहे. सिगारेट पेटवायच्या भोकात
खुपसतात ना, मोबाइलचं गाणं स्पीकरला पोचवणारी, ती.
मुजम्मिल खतीबनं भंगारातल्या टोयोटातून काढली,
जुन्या बॅटरीला जोडली,
आणि खोली नंबर सातमध्ये, वरच्या बंकवर,
दोन ब्लँकेटं डोक्यावरून घेऊन
घामानं निथळत बोलला:
"सलाम, नमस्कार. आज पगाराची पावती वाचू.
तिसरी ओळ. बोट ठेवा."

बाणकोटच्या खाडीवरचा पोरगा,
पलीकडच्या तरीला हाक मारावी तसा
शेवटचं अक्षर लांबवायचा.
आम्ही गच्चीवर धुणं वाळत घालत असायचो,
कानात वायर, तीच एरियल,
सगळे तिरके उभे
कारण सरळ उभं राहिलं की आवाज जायचा.

तो बातम्या देत नव्हता. तो दर सांगायचा.
सित्राला टर्नर हवाय, किती देतात.
पाइप वेल्डिंगचा दाखला काढायला किती दिनार लागतात
आणि ते किती महिन्यांत वसूल होतात.
पैसे घरी धाडताना कुठली खिडकी
किती फिल्स कापते.
(फिल्सला आम्ही तोवर चिल्लर समजत होतो.)

रिफाच्या पार्लरमधली कुंदा शेडगे रेंजच्या बाहेर.
तिच्यासाठी एक फोन चालू ठेवून उशीवर पालथा.
तिला बोलता यायचं नाही, मालकीण शेजारीच.
ओळ तोडून मिस कॉल द्यायची:
एक म्हणजे पुन्हा सांगा, दोन म्हणजे कळलं.
हिशेब कसा मांडायचा त्या शुक्रवारी
सात वेळा एक आला.
आठव्यांदा दोन.
आता तिथल्याच एका खुर्चीचं भाडं ती भरते,
त्या खुर्चीवरची कमाई तिची.

मग मुजम्मिलनं स्वतःच सांगितलेली जागा
स्वतःच घेतली. सोहारला गेला.
डबी माझ्या उशीखाली ठेवून,
चिठ्ठी नाही, काही नाही.

दोन शुक्रवार गल्लीत नुसती खरखर.
लोक तरी तिरके उभे.

तिसऱ्या शुक्रवारी मी ब्लँकेटात शिरलो.
मी तुमसरचा, आमच्याकडं खाडी नाही,
लांब हाक मारायची सवय नाही.
कागदावर लिहून आणलं होतं, अंधारात दिसेना.
तोंडाला आलं ते एवढंच:
"मी ॲल्युमिनियमच्या शॉपमध्ये कटर चालवतो.
चार वर्षं. मला अठ्ठ्याण्णव दिनार मिळतात."

घरी मी सुपरवायझर आहे.
बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेत तसं छापलंय.

ब्लँकेटात माझाच श्वास मला ऐकू येत होता.
वाटलं बॅटरी उतरली.
मग भिंतीपलीकडून, रेडिओवर नाही,
नुसत्या गळ्यानं कुणीतरी ओरडलं:
"एकशेपाच!"
जिन्यातून: "नव्वद, आणि जेवण कापतात!"
मेसमधून आचारी, त्याला नीट कळलं नव्हतं:
"कांदा दोनशे फिल्स!"
गच्ची हसली. आकडे थांबले नाहीत.

धनबहादूरनं एसीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला
आणि मार्करनं उतरवत गेला,
नाव नाही, फक्त काम आणि आकडा.
कटर, कटर, कटर.
तेच मशीन, तोच भुसा फुप्फुसात,
आणि शेवटच्या ओळीतल्या कटरला
एकशेवीस.

नखाते पुठ्ठ्यापुढं उभा राहिला बराच वेळ.
माझ्याच मशीनवर रात्रपाळी करतो तो. काही बोलला नाही.
रात्री दीडला डोळा उघडला तेव्हा
खोलीत इस्त्रीचा वास होता.
पांढरा शर्ट, जो तो फक्त विमानात घालतो,
बंकच्या दांडीला लावलेला,
आणि खिशात घडी केलेली पावती,
तिसरी ओळ बाहेर.

"उघडतं कधी रे ऑफिस?" त्यानं विचारलं.
"सात."
"तू येतोस?"

मी उशीखालून डबी काढली,
का काढली ठाऊक नाही,
आणि सकाळी घालायच्या पँटच्या खिशात टाकली.