साडेचार किलोमीटर

महू नाक्याच्या पुढे, अन्नपूर्णा रोडवर,
एका गतिरोधकाचा रंग उडालाय.
तिथे स्कूटर आदळते
आणि उपेंद्र विचारतो,
"कुणी होतं का खाली?"

दोन वर्षं मी उत्तर दिलं.
नव्हतं. कुणी नव्हतं. गतिरोधक होता.
शपथेवर सांगितलं, लेकाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं,
एकदा भर रस्त्यात ओरडून.
प्रत्येक उत्तर पुढच्या चौकापर्यंत पुरायचं,
मग स्कूटर मागे वळायची.
ऑफिस ते घर साडेचार किलोमीटर,
काट्यावर रोज एकोणीस, वीस.

आमच्या इंदूरला रात्री रस्ते धुतात,
पाहुण्यांना आम्ही कौतुकानं सांगतो.
गॅलरीतून ती पाण्याची गाडी बघत
तो हळूच म्हणायचा,
"आता डागही सापडायचा नाही."
पेपरातले अपघात बोट फिरवून वाचायचा.
अनोळखी मेलेल्यांची वयं त्याला पाठ.

मग एक दिवस त्यानं स्कूटर काढलीच नाही.
मला वाटलं, सुटलो.
तो भिंतीकडे तोंड करून निजला
तो राखीपासून संक्रांतीपर्यंत.
दाढी नको, पोह्यांवर शेव नको.
अपराध्याला शेव कशाला.

पहिली गोळी वाया गेली, दुसरीनं नुसतं वजन वाढवलं.
डॉक्टर बाफनांनी तिसरी दिली, जोडीला एक अर्धी,
आणि म्हणाल्या, दहा-बारा आठवडे धीर धरा.
तोंडाला कोरड, हाताला कंप,
अकराव्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारात येऊन
म्हणाला, "शेव संपली का गं?"

गोळीनं तेवढंच केलं.
प्रश्न होता तिथेच होता,
पण आता याला चपला घालता येत होत्या.
चपला घालून जायचं कुठं, ते निकहत मॅडमकडे,
दर मंगळवारी. त्यांच्या वहीत भीतीला
शंभरपैकी मार्क.
"गाड़ी चलाइए, मुड़िए मत.
और भाभी, आप जवाब मत देना."

जवाब मत देना!
सतरा वर्षांच्या संसारात
इतकं निष्ठुर मी काही केलं नव्हतं.

आज तोच रस्ता. धक्का.
"कुणी होतं का?"
जिभेवर 'नव्हतं' तयार, मऊ, गरम.
मी गिळते. माझी गोळी, बिनपाण्याची.
"किती?" मी विचारते.
"नव्वद."
देऊळ मागे पडतं. "अजून नव्वदच."
रसवंतीची घुंगरं. तो आरशात जरा जास्तच बघतो.
केशरबाग रोडला "सत्तर",
मग बराच वेळ काहीच नाही.

दारात स्कूटर स्टँडला लावताना त्याचे हात थरथरतात,
गोळीनं की भीतीनं, कोण जाणे.
"तुलाही माहीत नसेल ना," तो म्हणतो,
"कुणी होतं की नव्हतं?"

मी मागेच बसले होते. मला माहीत आहे.
"नाही माहीत," मी म्हणते.
तो मान हलवतो, भाजीची पिशवी उचलतो,
आणि ते न कळलेलं तसंच घेऊन
आम्ही जिना चढतो.