सरळ रेषेत

अंतर मोजतात ते सरळ रेषेत.
नदी धरत नाहीत, चढ धरत नाहीत,
पुलावर खोळंबलेली सकाळची वाहनं तर नाहीतच.
आमच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत
पाच हजार तीनशे चाळीस मीटर.
गेल्या वर्षी शेवटचं मूल घेतलं
ते पाच हजारांच्या आतलं.
म्हणजे टॅम्झिन पास आहे,
फक्त तीनशे चाळीस मीटर लांब राहते.

निकाल आला तेव्हा ती शेजारी,
मिस्टर पेटिफरच्या कासवाला
हिवाळ्याआधीची अंघोळ घालत होती.
मी कुंपणावरून आकडा ओरडून सांगितला.
तिने ओले हात हवेत धरले, तसेच,
आणि म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.
त्याला वाटलं, आता सगळं झालं.

नदीपल्याडचं घर आम्ही दोनदा पाहिलं.
दोन खोल्या, तिसरी म्हणायला,
जिन्याखाली ओल, परसात कुणाचीतरी गंजकी सायकल.
ऑल्विन गिलाव्याची कामं करतो.
भिंतीवर पेरं वाजवत गेला, थांबला, पुन्हा वाजवली.
एजंट म्हणाला, भिंतींकडे कशाला बघता,
तुम्ही पत्ता घेताय.
परतताना पूल ओलांडेपर्यंत ऑल्विन गप्प होता.
मग म्हणाला, आतून पोकळ आहे,
आणि ऐंशी हजार जास्त.
घर पाहावं बांधून म्हणतात.
विकून पाहा म्हणावं एकदा.

मी हीच परीक्षा दिली होती, अकराव्या वर्षी.
माझी बहीण हिल्डा हिरव्या टोपीत गेली,
मी समोरच्या थांब्यावरून, दुसऱ्या बसने.
आम्ही अजूनही बोलतो. दर रविवारी.
पण रस्ता ओलांडायचा राहून गेला तो गेलाच.

टॅम्झिनला विचारलं, तुला काय वाटतं?
ती म्हणाली, तिथल्या प्रयोगशाळेला काचेचं छप्पर आहे.
एवढंच. पुढे काही नाही.
तिला हवंय.
न विचारता राहिले असते तर बरं झालं असतं.

आणि जोरी. आठ वर्षांचा.
ओळीतली अक्षरं त्याच्यासमोर अजून जागा बदलतात,
पण कुठल्याही बिजागरीचा आवाज ऐकून
तेल कुठे घालायचं ते सांगतो.
काल जेवताना, मटार ताटाच्या कडेला सारत,
सहज विचारावं तसं म्हणाला,
मी पास नाही झालो
तर आपण परत इकडे येणार का?

ऑल्विनने मीठ मागितलं.
मीठ त्याच्यासमोरच होतं.

रात्री सगळे झोपल्यावर मी कोट चढवला
आणि निघाले, शाळेच्या दिशेने, पावलं मोजत.
पोस्टाची पेटी. चिप्सचं बंद दुकान.
एक कुत्रं दोनदा भुंकलं, मग त्यालाच कंटाळा आला.
मध्ये घरं आली की वळसा घालायचा,
पुन्हा रेषेवर यायचं,
हिशेब चुकला असेल, चुकू दे.
तीनशे चाळीस झाले
आणि पुढे काही नव्हतंच:
ओहोटीचा चिखल, त्यात रुतलेली एक ट्रॉली,
पाणी दूर, बारीक, मध्येच चमकणारं.
हद्द इथे सुरू होते.
इथे कुणी राहत नाही.

पलीकडच्या काठावर एका स्वयंपाकघरात दिवा होता.
कुणीतरी भांडी घासत होतं, सावकाश,
एक ताट उचलून बराच वेळ पुसत राहिलं.
मला वाटलं हाक मारावी,
विचारावं, तुमची मुलं कुठे जातात,
आणि सगळी जातात का.

पाय गारठले. परत आले.
लॅपटॉप टेबलावर उघडाच होता,
अर्जात पत्त्याचा रकाना रिकामा,
त्यात ती उभी रेघ लुकलुकत होती.
अजून चार दिवस आहेत.
मी वरती गेले
आणि जोरीचं पांघरूण सरळ केलं,
जे सरळच होतं.