देवभात

ऋषिपंचमीला दोन दिवस असताना
दादरच्या पुलाखाली
यशी हाडळ गोणपाट अंथरते.
रानभेंडी, कडूकंदाचे मातकट गोळे,
आणि पिशवीच्या तळाशी
मापानं नाही, मुठीनं द्यायचं
देवभात.

"बैलाच्या कष्टाचं नाही हे.
नांगराचं तोंड बघितलं नाही यानं."

तांबूस दाणा, बोटाहून लांब कुसळ.
आरेच्या पाड्यामागं, तळ्याच्या चिखलात
आपलं आपण उगवतं.
पिकलं की कुणासाठी थांबत नाही,
झुळूक आली की झडतं, पाण्यात जातं.
म्हणून गेल्या दिवाळीआधी, हिरवं असतानाच,
तिनं गुडघाभर पाण्यात उभं राहून
लोंब्यांच्या वेण्या घातल्या होत्या.

मी चार मुठी घेतल्या. उपासाला नाही.
आमच्या संस्थेत बियाण्यांची खोली आहे,
उणे अठरा अंश.
पाकिटावर लिहिलं: स्थळ मुंबई.
'गोळा करणार'पुढं माझं नाव यायचं असतं.
तिचं लिहिलं.

पुढच्या वर्षी तिनंच विचारलं,
"माझं भात काय करतंय?"
झोपलंय म्हटलं, थंडीत.
शंभर वर्षं काही होणार नाही.
सुट्टे पैसे मोजता मोजता थांबली.
"मग गळायचं कधी त्यानं?"

रात्री ताटात कोलम होता,
पांढरा, एका मापाचा,
झोडल्याशिवाय देठ न सोडणारा.
शर्टाच्या बाहीत एक कुसळ अडकलं होतं.
उपटायला गेलो
तर आणखी आत शिरलं.