पांढरी पाच

उद्यमनगरात माझं लेथ. कान तिथंच तयार झाले.
बेअरिंग कुरकुरायच्या आधी सांगतो
कुठल्या शेडमधलं, अजून किती दिवस टिकंल.
त्यामुळं घरच्या कॉम्प्युटरमधून येणारी ती घरघर
मला ऐकून न ऐकल्यासारखी करता येईना.

गाणं ताईचं. सत्त्याऐंशी सालची कॅसेट,
मालनताई एकोणीस वर्षांची, शुक्रवार पेठेतली माडी,
लग्नाआधीचा शेवटचा रविवार.
फीत मीच उतरवली कॉम्प्युटरवर
आणि झोप गेली.

भूपाल मगदूम म्हणाला, अर्थिंग बघ आधी.
परसात खड्डा, कोळसा, मीठ, दोन बादल्या पाणी.
घरघर निम्मी झाली.
निम्मी राहिली.
मग म्हणाला, हेडफोनच्या भोकातनं गाणं काढतोस?
यूएसबीतनं काढ, एक छोटा डबा मिळतो,
आकड्यांचा सूर करायचं काम त्याला दे.
डबा आणला. बायकोला किंमत निम्मीच सांगितली.
आतली सगळी सजावट बंद केली,
बास बूस्ट, थ्रीडी, हॉलचा खोटा घुमारा;
कॉम्प्युटरचा आवाज पुरा शंभर,
कमीजास्त करायचं ते अ‍ॅम्प्लिफायरवर.
स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढं, कानाच्या उंचीला,
खाली मीच कातलेल्या बिडाच्या चकत्या.
मागं मार्केट यार्डातलं गुळाचं बारदान टांगलं.
मुंग्या आल्या, पण घुमारा गेला.

प्रत्येक वेळी काहीतरी नवीन ऐकू यायचं.
बांगडी पेटीच्या कडेला लागलेली.
पेटी बंदच होती, भाता फाटलेला, हे तेव्हा आठवलं.
कुणीतरी शिंक दाबली.
आईचं "हळू", कुणाला कोण जाणे.
आणि या सगळ्याच्या खाली ती, घरघर, जशीच्या तशी.

शेवटी हत्यार काढलं. आलेख उघडून
शंभरवर खाच पाडली, दोनशेवर पाडली,
धार लावलेल्या टूलनं चर काढावा तशी, एक दोरासुद्धा इकडंतिकडं नाही.
घरघर गेली.
स्वच्छ. इतकं स्वच्छ की ताई
जिना काढून घेतलेल्या माडीवर उभी असल्यासारखी.

गुडघ्याचा एक्स-रे काढायला ती गडहिंग्लजहून आली,
तेव्हा मोठ्या ऐटीत लावलं.
मधोमध खुर्ची, पंखा बंद, फोन स्वयंपाकघरात.
तिनं एक आवर्तन ऐकलं.
"गिरणी कुठाय?"
कसली गिरणी?
"दस्तगीरची. आपल्या माडीखाली न्हवती व्हय?
तंबोरा कुणी घेऊन दिलता मला?
जोंधळा पडला की पट्टा फिरायचा,
त्यावर सा लावायची मी. पांढरी पाच.
पेटी बेसूर व्हईल, मोटर न्हाई हुयाची."

पांढरी पाच. दोनशेच्या आसपास.
खाच मी नेमकी तिथं पाडली होती.
घरघरीबरोबर तिचा सा कातून
बुरादा म्हणून झाडून टाकला होता.

मूळची फाईल लावली.
ती काही बोलली नाही, एक्स-रेचा लिफाफा मांडीवर.
सात मिनिटं बारा सेकंदांवर
आवाज जरा हलतो. तिथं फीत ताणली गेलीय
असं मी भूपालला शंभर वेळा सांगितलं असेल.
"दळण संपलं बघ," ताई म्हणाली.

खरंच. घरघर थांबलेली.
माडीत एकदम इतकी जागा झाली
की ती दोन मात्रा चाचपडली,
मग पाय टेकला, आणि पुढं
पाऊण मिनिट नुसती ती.
महिनाभर हे पाऊण मिनिट माझ्यासमोर होतं.

मग खाली कुणीतरी पाटी ओतली असणार.
खटका. पट्ट्याची फडफड.
गिरणी हळूहळू वेग घेते, चढते, चढते
आणि येऊन मिळते तिला.
ती जागची हललेली नसते.