इतिवृत्त, मुद्दा सातवा

खुर्च्या आम्ही फाटकात खुपसल्या होत्या,
पाय बाहेर, पाठी आत.
कॉन्सेप्सिऑनच्या त्या थंडीत
विद्यापीठ साळिंदरासारखं दिसायचं.
एकेचाळीस दिवस.
शिक्षण फुकट, सगळ्यांना, आणि आत्ता:
हे मी स्वतः रंगवलं होतं
आईच्या चादरीवर, तिला न विचारता.

अक्षर बरं म्हणून इतिवृत्त माझ्याकडे.
मुद्दा पहिला: लाकडं संपत आली.
मुद्दा दुसरा: ताल्काउआनोच्या गोदी कामगारांनी
पाठवलेले मासे, आभारासह नोंद.
मुद्दा चौथा, कर्ज.
कुणाच्या बापाने किती वर्षं फेडायचं
तो आकडा फळ्यावर होता,
महिनाभर कुणी पुसला नव्हता.

सातव्याला मारिसोल वाइकिल उभी राहिली.
खाण अभियांत्रिकी, दुसरं वर्ष,
घरातून विद्यापीठात पोचलेली पहिलीच.
तिने कागद आणला होता. वाचला.
तारीख, मजला, छपाईची खोली, नाव.
नाव इग्नासिओचं,
ज्याच्या एका हाकेवर
पाण्याच्या फवाऱ्यापुढे आमची रांग मोडत नसे.

मी पेन उचललं.

थोडा वेळ फक्त किटलीचा आवाज.
मग एल्सिरा, आमच्यात वयाने मोठी,
जिच्या वडलांना लष्कराने नेलं ते नेलंच,
अगदी मायेनं म्हणाली,
पोरी, तुझ्यावर विश्वास नाही असं नाही,
पण गुरुवारी मंत्र्यांशी बैठक आहे.
कुणी म्हणालं, पोलिसांकडे जाणार? त्या पोलिसांकडे?
कुणी समिती सुचवली, तिघांची,
त्यातले दोघे इग्नासिओच्याच खोलीवर राहणारे.
तू तिथे एकटी गेलीस कशाला, असंही एकाने विचारलं
आणि आम्ही त्याला गप्प केलं.
गप्प केलं याचं
केवढं समाधान वाटलं आम्हाला.

हे लिहू का, मी विचारलं.
एल्सिराने माझ्या हातावर हात ठेवला. ऊबदार हात.
मी लिहिलं:
अंतर्गत बाब. पुढच्या सभेत.

सभा संपताना रिवाजाप्रमाणे मुठी वर गेल्या.
झाकल्या मुठी, सव्वा सव्वा लाखाच्या.
मारिसोलनेही केली वर.
ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या सभेत ती नव्हती.
रिकामी खुर्ची म्हणावं, तर खुर्च्या सगळ्या फाटकात,
आम्ही फरशीवर बसायचो.
फरशीवर रिकामी जागा दिसत नाही.
माणसं सरकून बसतात.

पुढे कायदा झाला.
माझा भाचा आज एक पेसो न भरता शिकतो,
आणि मला त्याचा आनंद आहे, खरा आनंद,
तो मी कुणाला कमी करू देणार नाही.
मारिसोल अजून हप्ते भरते
त्या दोन वर्षांचे,
जी कुठल्याच पदवीत मोजली गेली नाहीत.
मासळीच्या कारखान्यात डबे तपासते ती.
एकदा बसथांब्यावर दिसली; मी बूट बघत उभी राहिले.

आता प्रदर्शन भरायचंय चळवळीचं.
वही मागितलीय माझ्याकडे, काचेखाली ठेवायला.
काल रात्री सातव्या मुद्द्याखाली लिहायला बसले.
शाई वेगळी दिसते. दिसू दे.
तारीख लिहिली. मजला लिहिला.
मग वाटलं, हे तरी मी कुणाला विचारून लिहितेय?
चादर आठवली.

फोनवर ती आधी हसली.
अंतर्गत बाब, नाही का?
मग बराच वेळ कारखान्याचा भोंगा, माणसं, पाणी.
कागद आहे माझ्याकडे, म्हणाली.
सहाला शिफ्ट सुटते. आले तर मी वाचेन,
तू फक्त लिही.
कुणी हातावर हात ठेवला तरी लिही.

सव्वासात झालेत.
मी किटली दुसऱ्यांदा ठेवलीय.