पाचव्या भागाची नोंद

मार्चमध्ये हेस्टर थ्रेलफॉलची चार पुस्तकं
माझ्या टेबलावर आली. शिक्का माझ्याच हातात: रद्द.
नियम साधा आहे. तीन वर्षं कुणी नेलं नाही
तर पुस्तकानं फळी सोडायची.

पहिल्याच्या आत तारखांची चिठ्ठी, जांभळ्या शाईनं गच्च,
तिच्यावर दुसरी डकवलेली, तिच्यावर तिसरी.
तेव्हा मोरकममधल्या पोरी
(लिहायचं मोरकॅम्ब, म्हणायचं मोरकम, हे तिनंच मला शिकवलं)
ओहोटीला वाळूत उतरून मिठाची वेस शोधायच्या.
वेशीवरचा जकातदार पैसे घेत नाही.
एक शब्द घेतो,
आणि तो पुन्हा जन्मात सुचत नाही.
चौदा वर्षांच्या ऑर्लानं 'आई' राखण्यासाठी
'जिना' दिला, 'मंगळवार' दिला, 'चमचा' दिला.
लँकेस्टरहून एका बाईचं तक्रारीचं पत्र आलं:
मुलगी जेवताना चमचा मागत नाही, नुसतं बोट दाखवते.
हेस्टरनं ते चौकटीत लावलं, मोरीत, नळाच्या वर.

ती शाळेच्या खानावळीत वाढायची.
दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत, उलट्या बाजूनं,
कस्टर्डच्या वाफेत पहिलं पुस्तक झालं.
दुसऱ्यानंतर नोकरी सोडली.
चौथ्यानंतर परत धरली. तोच झगा, तीच डाव.

मधलं तिनं एकदाच सांगितलं,
समुद्राच्या कठड्यावर, वाटीतली लोण्यातली कोळंबी
दोघी एकाच काडीनं खात असताना:
"तिसरं मी लंडनसाठी लिहिलं. त्यांना राजपुत्र हवा होता.
घातला. आता त्याचं नाव आठवत नाही मला."
वेशीवर दिलं असशील, मी म्हटलं.
ती हसली नाही.

माझं माहेर शिरोड्याचं, मिठागराच्या काठचं.
चौथ्या भागात पान दोनशे अकरावर
उधाण नावाची एक पांढरी घोडी आहे, ती माझी.
लहान भरतीला काय म्हणता, तिनं विचारलं.
भांग, म्हटलं. आणि केसांतल्या रेघेलाही भांगच.
ती खाडीकडे बघत राहिली. पाणी निम्म्यावरच थबकलेलं,
मध्ये ओल्या वाळूची सरळ वाट.
"म्हणजे त्या दिवशी समुद्र विंचरून बसतो."
हे वाक्य तिनं कुठंच वापरलं नाही. मी वाट पाहिली.

चौथं अकराशे छापलं, सातशे परत आलं.
पाचवं कुणी छापलंच नाही.
बुटांच्या खोक्यात घालून माझ्याकडे आणलं,
टाइप केलेलं, एप्रनच्या नाडीनं बांधलेलं.
"कोरडं राहील अशा जागी ठेव."

तर मार्चमध्ये मी चार पुस्तकांवर शिक्के मारले.
वीस वीस पेन्स देऊन, विक्रीच्या गाडीवरून
मीच ती विकत घेतली. आणि मग,
कुणाला न विचारता,
पाचव्याला पुठ्ठा शिवला, बारकोड चिकटवला,
यंत्रात नोंद केली. प्रकाशक: हा रकाना कोरा.
किशोरांच्या फळीवर, टी अक्षरापाशी, ते उभं केलं.

सहा आठवडे धूळ.
मग दातांना तार लावलेली टॅम्सिन कॉकशॉट आली,
म्हणाली, आधीची चार कुठायत?
घरी आहेत, म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून आणली.

आज पाचवं घेऊन ती काउंटरपाशी उभी राहिली, चिडलेली.
पान एकशे चाळीस नाहीये.
शोधलं. खरंच नव्हतं. एकशे एकोणचाळीसवर
ऑर्ला वेशीपाशी तोंड उघडते,
एकशे एक्केचाळीसवर ती पलीकडे आहे.

हेस्टरला खानावळीत फोन लावला.
विचारलं, काय दिलं तिनं?
बराच वेळ भांडी आपटल्याचा आवाज,
कुणीतरी वाटाणे मागतंय.
मग तिचा आवाज, खालचा:
"किती दिवस आहेत त्या मुलीकडे?"

तीन आठवडे, म्हटलं.
मुदत वाढवून देता येते.